उन्हाळ्यातील आरोग्य : ताटातले आणि वावरातले

उन्हाळा आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. होळी पेटली की थंडी जळून गेली असे जुनी माणसे म्हणतात, आणि पुढे मृगाची वाट पाहेपर्यंतचे तीन महिने कसे काढायचे हे प्रत्येक घराला आपल्या परीने ठाऊक असते. मे महिन्यात अमरावती-अकोल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा वर्तमानपत्रांत ‘उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी’ या मथळ्याचे लेख येऊ लागतात. ताक प्या, पन्हे प्या, दुपारी घराबाहेर पडू नका. हे सगळे लेख मी मन लावून वाचते. ते खोटे नसतात. परंतु ते वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो की, ज्यांना दुपारी बाहेर पडावेच लागते, ज्यांच्या घरी गाय-म्हैस नाही, त्यांच्यासाठी हा लेख कोणी लिहिला आहे काय? माझी आई शेतमजूर आहे. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मीच पहिली. म्हणून आहार आणि दिनचर्या या दोन्ही बाजूंचा विचार थोडा आमच्या बाजूने करून पाहावा, असे मनात आले.

प्रथम हे उष्ण्याचे गणित काय आहे ते पाहू. आपण वर्तमानपत्रात ४४ अंश वाचतो ते सावलीतले तापमान असते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. उघड्या वावरात उभ्या असलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून तापलेल्या काळ्या मातीची धग असा दुहेरी ताप सोसावा लागतो, तो त्या आकड्यात येत नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले, किंवा सरळ ४५ अंशांवर गेले, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. ४७ अंशांवर ती तीव्र लाट ठरते.

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवाच ४४ अंश असेल तर उलट हवेकडून शरीराला उष्णता मिळते, आणि मग घाम हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम वाफ होऊन उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे ‘वाफ होऊन’ हे शब्द महत्त्वाचे. जो घाम नुसता ठिबकून जमिनीवर पडतो, तो पाणी आणि मीठ तेवढे नेतो, थंडावा देत नाही. माठातले पाणी गार होते तेही याच न्यायाने. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाते आणि आतले थंड करते. म्हणून रंग दिलेला, गुळगुळीत माठ दिसायला सुरेख पण पाण्याला निकामी. आमची आजी माठ विकत घेताना बोटाने वाजवून पाहते आणि मग जिभेचे टोक लावते. जीभ चिकटली तर माठ चांगला. पदार्थविज्ञानाचे पुस्तक तिने पाहिलेले नाही.

कोरड्या हवेत घाम चटकन उडतो, दमट हवेत उडत नाही. याच कारणाने वऱ्हाडात कूलर चालतो आणि मुंबईकडे त्याचा उपयोग होत नाही. कूलर लावून खिडक्या घट्ट बंद करणारे लोक मात्र आपल्याच खोलीत मुंबई आणतात. दिनांक १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर भर उन्हात झाला, त्यात उष्माघाताने चौदा माणसे गेली. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. आपल्याकडे तेवढ्या तापमानात लोक बाजार करून येतात! पण तेथे समुद्रकाठची दमट हवा, तासन् तास बसून राहणे आणि डोक्यावर छप्पर नाही, हे तिन्ही एकत्र आले. तेव्हा आकडा ऐकून धीर धरणे किंवा घाबरणे दोन्ही पुरेसे नाही.

आता ताटाकडे येऊ. आपल्या पूर्वजांनी ऋतुचर्येचा विचार फार बारकाईने केला होता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येवर आहे. ग्रीष्मात हलके, गोड, स्निग्ध, गार आणि पातळ अन्न घ्यावे, थंड पाण्यात सातूचे पीठ साखर घालून प्यावे, खारट-तिखट-आंबट, व्यायाम आणि ऊन टाळावे, असे त्यात सांगितले आहे. एरवी निषिद्ध मानलेली दिवसाची झोपही या ऋतूत चालते. हे सर्व वाचून मला आनंद झाला, कारण अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे सातू खातात तो कोठून आला हे कळले. परंतु पुढे त्याच वर्णनात पाण्याचे फवारे असलेले घर, ओले पडदे, फुलांच्या माळा आणि चांदण्यातली गच्ची येते. म्हणजे वाग्भटाच्या डोळ्यांपुढे जो माणूस आहे तो सुखवस्तू आहे. त्याला घाम येत नाही, म्हणून त्याने मीठ टाळलेले चालते. वावरात काडीकचरा वेचणाऱ्या किंवा वीटभट्टीवर माती कालवणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जातो आणि त्याबरोबर मीठही जाते. त्याने खारट टाळले आणि नुसते पाणी पीत राहिला तर पायात गोळे येतात, डोके गरगरते. एकाच ऋतूत दोन माणसांचे पथ्य वेगळे असू शकते, हे ग्रंथ वाचून नाही, आमच्या आळीत पाहून पटते. (रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी मात्र मिठाबाबत डॉक्टरांचेच ऐकावे.)

या दृष्टीने पाहिले तर वऱ्हाडी उन्हाळ्याचे जेवण फार शहाणपणाचे आहे. कैरी उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून तिच्या गराचे पन्हे करतात. त्यात गूळ, मीठ आणि जिरे असते, म्हणजे पाणी, साखर आणि क्षार एका पेल्यात. अक्षय्य तृतीयेच्या चिंचोणीत चिंचेचा कोळ आणि गूळ असतो. ज्वारीचे पीठ रात्री ताकात किंवा नुसत्या पाण्यात भिजवून आंबवले, सकाळी शिजवून त्यात मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घातला की आंबील तयार. ती गार करून पितळी भरून प्याली तर दहा वाजेपर्यंत भूक लागत नाही आणि पाण्याची गरजही बरीच भागते. टरबुजात आणि काकडीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आमरस व त्यावर तूप, सोबत कुरडया, हे जेवण मला अतिशय प्रिय आहे, परंतु त्याला थंड आहार म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. ते पचवायला दुपारची झोप लागते आणि ती ज्याला मिळते त्यानेच ते पोटभर खावे.

अडचण अशी की यातल्या पुष्कळ वस्तू ज्यांना सर्वांत जास्त हव्या त्यांच्या ताटातूनच गेल्या आहेत. ज्वारीचा पेरा कपाशी आणि सोयाबीनने खाल्ला. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून ज्वारीची आंबील आता मजुराघरी रोजची राहिलेली नाही. ज्याच्या घरी जनावर आहे त्याचे दूध सकाळीच डेअरीत जाते. मग ताक कशाचे? आमच्या शेजारच्या काकू ताक घुसळतात त्या दिवशी लोटाभर आमच्याकडे पाठवतात, त्यात आई चौपट पाणी आणि मीठ घालते. तेच सगळ्यांना पुरते. डॉक्टरी दृष्टीने पाहता त्या पातळ ताकाने काम चांगलेच भागते, हे मला नंतर समजले. ताक नसेल तर लिंबू, मीठ, गूळ आणि माठाचे पाणी याहून अधिक काही लागत नाही. बाटलीतल्या रंगीत पेयांत साखर फार आणि मीठ जवळजवळ नाही. रस्त्यावरच्या रसात पडणारा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे विचारण्याची आपल्याला सवय नाही, आणि मे-जूनमधली कावीळ व हगवण पुष्कळदा अशाच पाण्यातून येते. शिळे वरण, दुपारपर्यंत उघडे राहिलेले दूध, लग्नातली खिचडलेली भाजी यांचेही तेच. या हवेत अन्न सकाळचे दुपारी शिळे होते.

कांद्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तो वऱ्हाडचा उन्हाळी देवच आहे. भाकरीबरोबर कच्चा कांदा खावा, त्यात पाणी असते, तोंडाला चव येते. परंतु खिशात कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही या समजुतीला काहीही आधार मला सापडला नाही. खिशात कांदा आणि डोके उघडे, असे कितीतरी लोक मोटारसायकलवर जाताना दिसतात. त्यापेक्षा दुपट्टा ओला करून डोक्याला आणि कानांना गुंडाळलेला बरा. कोरड्या झळांपासून अंग झाकणे हाच बचाव आहे. सैल, सुती, फिकट रंगाचे आणि अंगभर कपडे हे आपल्या हवेला योग्य.

पाण्याबाबत एक गोष्ट आरोग्याच्या लेखांत मी कोठेही वाचली नाही, ती येथे लिहिते. संकोच वाटतो, तरीही लिहिते. आमच्या आळीतल्या बायका वावरात जाताना पाण्याची कॅन नेतात, पण ती बरीचशी भरलेलीच परत येते. आईला मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “पानी पेलं त जाव कुठी? वावरात एक झाड नाई आडोश्याले.” पऱ्हाटी उपटलेले वावर मे महिन्यात मोकळे असते. धुऱ्यावरची झाडे तोडली गेली. दुसऱ्या कोपऱ्यात पुरुष मजूर काम करीत असतात. तेव्हा सकाळपासून न पिणे हाच त्यांचा उपाय. घामाने आटलेल्या शरीरात लघवी पिवळी, थोडी आणि जळजळीची होते, मूत्रमार्गाचे विकार होतात, मूतखड्याची भीती वाढते. या बायकांना ‘रोज तीन-चार लिटर पाणी प्या’ असे सांगून काय साधणार? त्यांना पाण्याआधी आडोसा हवा. बांबूच्या चार काठ्या आणि जुने लुगडे एवढ्यात तो होतो. एका शेतमालकाने आमच्या गावात मागच्या वर्षी तो करून दिला आणि कॅन रिकामी परत येऊ लागली.

खारपाणपट्ट्यातल्या माझ्या मैत्रिणी तर याहून वेगळी गोष्ट सांगतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. त्या पाण्याने तहान भागत नाही, घशात चव राहते. नळाचे पाणी आले नाही त्या दिवशी गोडे पाणी मोजून प्यावे लागते. उन्हाळ्यातला आहार असे आपण म्हणतो तेव्हा त्यातला पहिला पदार्थ पाणी आहे, आणि तो सगळीकडे सारखा नाही.

दिनचर्येकडे वळताना गुरुकुंजाचा उल्लेख ओघानेच येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. त्यांच्या ‘ग्रामगीते’त गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. आश्रमाचा दिवस पहाटे सुरू होतो. हिवाळ्यात ही शिस्त कठीण वाटते, पण उन्हाळ्यात ती शरीराच्या सोयीचीच आहे हे येथे राहणाऱ्यास सहज समजेल. पहाटे पाच ते नऊ या चार तासांत जे काम होते ते दुपारच्या आठ तासांत होत नाही. आमच्या गावात बायकांच्या मजुरीची वेळ एरवी सकाळी दहा-अकरा ते सायंकाळी पाच अशी असते, उन्हाळ्यात ती बदलून ‘सकाळपाळी’ होते, म्हणजे सहा-सातपासून अकरा-बारापर्यंत. ही पाळी कोणा सरकारी हुकुमाने आली नाही, मजुरांनी आणि मालकांनी मिळून ती रूढ केली. माझ्या मते वऱ्हाडी उन्हाळ्यावरचा सर्वांत मोठा औषधोपचार हाच आहे, पन्हे त्याच्या खालोखाल.

परंतु सकाळपाळी शेतापुरती आहे. वीटभट्टी, रस्त्याचे डांबरीकरण, घराचा स्लॅब टाकणे येथे ती नाही. या संदर्भात आपल्या राज्याचा एक जुना कायदा आठवतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. त्या कामांवर मजुरांना पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची सोय असावी असे त्यातच ठरवले होते. खडी फोडणाऱ्या माणसाला सावली लागते हे कायद्याला इतक्या वर्षांपूर्वी सुचले. जे खाजगी कामावर राबतात त्यांच्या वाट्याला मात्र ठेकेदाराचे मन येते.

आणि आपल्या लग्नांचे काय? पत्रिकेत साडेअकराचा मुहूर्त, प्रत्यक्षात मंगलाष्टके दीड वाजता, वरात तोपर्यंत डांबरी रस्त्यावर नाचते आहे, टिनाच्या मांडवाखाली आजीबाई आणि तान्ही बाळे घामाघूम. गोरज मुहूर्त आपल्याच शास्त्रात आहे, तो उन्हाळ्यासाठीच ठेवला असावा असे मला वाटते! म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून वृद्धांना मागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये, आईचे दूध अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर प्यावे.

आपल्या उन्हाळी परीक्षांविषयीही प्राध्यापकवर्गास एक विनंती करावीशी वाटते. दुपारचा पेपर देण्यासाठी खेड्यांतून येणारी मुले एसटीतून उतरून, फाट्यापासून चालत, उपाशीपोटी येतात. निदान परीक्षेच्या दाराशी माठ आणि मिठाची बरणी ठेवणे आपल्या हाती आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या एक मावशी भुईमूग काढताना वावरातच पडल्या. आधी त्या चिडचिड करीत होत्या, असंबद्ध बोलत होत्या. सोबतच्या बायकांना वाटले, थकल्या असतील. अंग भाजत होते. कोणी तोंडात पाणी ओतू लागले, कोणी कांदा हुंगवू लागले. एक जाणत्या बाई तेथे होत्या, त्यांनी तोंडात पाणी ओतणे थांबवले, मावशींना कडुनिंबाखाली नेऊन कॅनमधले सगळे पाणी अंगावर ओतले आणि टोपल्याने वारा घातला. ऑटोने दवाखान्यात पोहोचेपर्यंत लुगडे ओले ठेवले. मावशी वाचल्या. तेथे त्या बाईंनी केले तेच पुस्तकात सांगितलेले आहे. आतले तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस भान हरपू लागला की तो उष्माघात, तो थकवा नव्हे. घाम थांबलेला असो वा चालू असो, वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पाणी अंगावर, वारा पाण्यावर, आणि लगेच १०८ क्रमांकाची गाडी. तापावरच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही, कारण हा ताप रोगाचा नाही.

शुद्धीवर असलेल्या, नुसत्या गळून गेलेल्या माणसाला मात्र मीठ-साखरेचे पाणी अमृतासमान आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेमुळे आतड्यातून मीठ आत ओढले जाते आणि मिठामागून पाणी, एवढेच त्याचे रहस्य. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांत कालवून लोकांना पाजले. तीस टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

उन्हाने मरणारा माणूस बहुधा उन्हाने मेला असे नोंदलेच जात नाही. हृदय बंद पडले, म्हातारा होता, असे म्हणून सोडतात. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले असे नंतर अभ्यासकांनी मोजले. मग २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती-आराखडा केला. आदल्या दिवशी इशारा द्यायचा, दवाखाने सज्ज ठेवायचे, पाणपोया वाढवायच्या, झोपडपट्टीतल्या छपरांना पांढरा रंग द्यायचा. हे शेवटचे आपण खेड्यातही करू शकतो. धाब्याची आणि कवेलूंची घरे गेली, स्लॅब आणि टिने आली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो आणि शरीराला विसावा मिळत नाही. मार्चमध्येच वरून चुन्याचे दोन हात दिले तर खालची खोली जाणवण्याइतकी थंड राहते. आमच्या घरावर मी स्वतः दिले आहेत.

जाता जाता जूनविषयी. मे संपला की आपण सावधपणा सोडतो, पण पहिल्या सरीनंतरचे दिवस अधिक कठीण असतात. पारा ३८-३९ वर उतरतो, हवेत मात्र ओल येते, कूलर नुसता दमटपणा फेकतो आणि घाम अंगावरच राहतो. नेमके तेव्हाच पेरणी निघते. वाफसा साधायचा म्हणून सकाळपाळी मोडते, बायका सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सरत्यावर चालतात. माठ तोपर्यंत कोपऱ्यात सरकवलेला असतो, कैऱ्या संपलेल्या असतात. आमच्या घरी यंदा थोडे लिंबू आणि गूळ मृगापर्यंत राखून ठेवायचे आईने कबूल केले आहे.